मंडळासाठी पैसे मागायचेत? आधी आकडा सांगा

मैदानावर रोज चाळीस मुलं येतात. जिल्हा निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली आहे. जर्सी गेल्या वर्षीच्याच, त्यातल्या निम्म्या आखूड झालेल्या. मंडळाच्या खात्यात साडेचार हजार रुपये. अशा वेळी पुढे काय होतं ते बहुतेक गावांत आणि वस्त्यांत ठरलेलं आहे. घाईघाईने एक पावतीपुस्तक छापलं जातं, चार जाणती माणसं एखाद्या पुढाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसतात, तो दहा हजार देतो आणि त्या बदल्यात वीस फुटी फ्लेक्सवर झळकतो. फ्लेक्सच्या कोपऱ्यात खेळाडूंचा फोटो असतो, तिकिटाएवढा. चाचणी पार पडते आणि पुढच्या वर्षी तीच ओसरी, तोच चहा.

पहिल्या वर्षी कोणीही देतं. मागणारा ओळखीचा असतो, मुलं समोर उभी असतात, नाही म्हणवत नाही. तोच माणूस दुसऱ्या वर्षी, न मागता, स्वतःहून पैसे पाठवतो का, यावर मंडळ टिकणार की नाही ते ठरतं. या लेखातले सगळे सल्ले त्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गणीवर डोळा ठेवून दिले आहेत.

एका मुलाचं वर्ष

‘मंडळाला मदत करा’ या वाक्याला पन्नास रुपयांपलीकडे उत्तर मिळत नाही, कारण किती हवेत हे मागणाऱ्यालाच ठाऊक नसतं. म्हणून पावतीपुस्तक छापण्याआधी कार्यकर्त्यांनी एका संध्याकाळी बसून वर्षाचा खर्च कागदावर उतरवावा. चाळीस खेळाडूंचं कबड्डी मंडळ आहे असं समजू. जर्सी ४५० रुपयांप्रमाणे १८,०००. प्रशिक्षकाचं मानधन महिना ५,००० म्हणजे वर्षाचे ६०,०००. स्पर्धांचा प्रवास आणि जेवण ३५,०००. मैदानाची माती, फक्की आणि दिव्यांचं वीजबिल १५,०००. नी-कॅप, अँक्लेट, औषधपेटी १०,०००. जिल्हा संघटनेची संलग्नता, खेळाडूंची नोंदणी आणि प्रवेश फी ७,०००. एकूण १,४५,०००. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, ते तुम्ही घाला.

आता या रकमेला चाळीसने भागा: ३,६२५ रुपये. महिन्याला जेमतेम तीनशे. हा आकडा हातात आला की मागण्याची भाषाच बदलते. दीड लाख ऐकून दुकानदार मान हलवतो. ‘एका खेळाडूचं अख्खं वर्ष ३,६२५ रुपयांत’ म्हटलं की तोच दुकानदार मनात हिशेब करायला लागतो आणि कधीकधी विचारतो, ‘दोन मुलांचं घेऊ का?’

मोठ्या वस्तूचंही असंच करता येतं. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, महिलांचं १२ बाय ८. मॅटचे तुकडे साधारण मीटरभर लांबी-रुंदीचे मिळतात, म्हणजे पुरुषांच्या मैदानाला १३० तुकडे. भोवतीची मोकळी पट्टी वेगळी. एका तुकड्याचा भाव दीड हजार पडला असं धरलं तर जवळपास दोन लाखांचं काम. दोन लाख देणारा माणूस गावात एखादाच असतो, तोही सापडला तर. दीड हजाराचा एक तुकडा देणारे शंभर-सव्वाशे सापडतात. मैदानाचा नकाशा मोठ्या कागदावर १३० चौकोनांत आखा, तुकडा आला की चौकोनात देणाऱ्याचं नाव लिहा आणि कागद वाण्याच्या दुकानात लावा. उरलेले रिकामे चौकोन लोक स्वतः येऊन विचारतात.

घरापासून सुरुवात

पैसे मागायला लांब जाण्याआधी जवळच्यांकडे जावं. पहिले पालक. आपल्याकडे बऱ्याच मंडळांना मुलांकडून फी घ्यायची लाज वाटते. ‘आम्ही खेळ विकत नाही’ असं अभिमानाने सांगितलं जातं. अभिमान ठीक आहे, पण ज्या घरात मुलाच्या मोबाइलचं रिचार्ज दर महिन्याला होतं तिथून महिना शंभर रुपये घेण्यात गैर काही नाही. चाळीसपैकी पंचवीस जणांनी दिले तरी वर्षाचे तीस हजार होतात. उरलेल्या पंधरा जणांचं काय करायचं हे प्रशिक्षक आणि खजिनदार या दोघांनाच ठाऊक असावं. कोणाची फी माफ आहे ते मैदानावर बोललं गेलं की ते मूल दुसऱ्या आठवड्यापासून दिसेनासं होतं.

दुसरे जुने खेळाडू. हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात भरवशाचा गट. एसटीत, पोलिसात, बँकेत, एखाद्या कारखान्यात लागलेली, पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली ही मंडळी गणपतीला गावी आली की मैदानावर एक फेरी मारतातच. त्यांच्याकडे एकदम पाच हजार मागू नका, महिन्याला दोनशे मागा आणि बँकेतून आपोआप वळते होतील अशी सोय करून घ्या. तीस जणांनी हे केलं तर वर्षाला ७२,००० होतात. तुमच्या १,४५,००० मधून मुलांची फी आणि ही रक्कम वजा केली की उरतात फक्त ४३,०००. त्यासाठी कोणाच्या ओसरीवर बसायची गरज नाही.

निरोप कसा पाठवायचा? सुविचार आणि हात जोडलेल्या चित्रांची लांबण नको. एवढं पुरे: ‘नमस्कार दादा. तुम्ही ज्या मैदानावर खेळलात तिथे आज चाळीस पोरं-पोरी सराव करतात. एका खेळाडूचा वर्षाचा खर्च ३,६२५ रुपये आहे, तपशील सोबत जोडला आहे. तुम्ही महिन्याला दोनशे रुपये द्याल का? खातं मंडळाच्या नावावर आहे, पावती त्याच दिवशी येईल. रविवारी सकाळी सातला मैदानावर आलात तर मुलं भेटतील.’ हा निरोप गटावर टाकू नका, एकेकाला नावाने पाठवा. गटावर टाकलेल्या निरोपाला अंगठे मिळतात, पैसे मिळत नाहीत.

जवळच्या माणसांच्या बळावर किती लांब जाता येतं याचा दाखला आपल्याच मातीत आहे. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते मुख्यतः लोकांच्या पैशांवर. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरसारख्या छोट्या गावातल्या माणसांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. त्यातून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. ही गोष्ट भाषणात फार सांगितली जाते. मला मात्र तिच्यात कौतुकाइतकीच चीडही दिसते. घर गहाण ठेवायची वेळ कोणावर येऊ नये, म्हणून तर महिना दोनशेवाले तीस जण आधीच बांधून ठेवायचे. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्यात क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. कबड्डीमहर्षी शंकरराव साळवी यांचा जन्मदिवस १५ जुलै हा कबड्डी दिन. वर्गणीची आठवण करायला या दोन तारखा चांगल्या. खेळाचा विषय त्या दिवशी आधीच लोकांच्या तोंडी असतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात ज्या खो-खो मंडळांनी पालकांची सभा लावली नसेल त्यांनी हातची संधी घालवली.

स्पर्धा भरवून पैसे मिळतात का?

क्वचित. ‘अमुक चषक’ डे-नाईट स्पर्धा भरवणं हा निधी उभारण्याचा राजमार्ग समजला जातो, पण खर्चाची यादी करून बघा: मंडप, प्रेक्षकांची गॅलरी, प्रकाशझोत, जनरेटर, पंचांचं मानधन, बाहेरच्या संघांचं राहणं-जेवण, रोख बक्षिसं आणि पाहुण्यांचे सत्कार. शाल-श्रीफळांचाच खर्च काही ठिकाणी मुलांच्या बुटांपेक्षा जास्त होतो. आलेला पैसा स्पर्धेतच जिरतो आणि वर कार्यकर्ते महिनाभर सरावाकडे फिरकत नाहीत. स्पर्धा जरूर भरवा, खेळासाठी आणि गावच्या हौसेसाठी भरवा. तिच्यातून वर्षाचा खर्च निघेल हा हिशेब धरू नका. भरवलीच तर बक्षिसाची रक्कम कमी ठेवा आणि गॅलरीवर मात्र काटकसर नको. बांबूची गॅलरी कोसळली तर चषक कोणाच्या लक्षात राहत नाही.

त्यापेक्षा ४३,००० साठी आपल्याकडचा जुना उपाय अजून चालतो: मदतीसाठी नाटकाचा प्रयोग. निर्मात्याशी ठरावीक रकमेला प्रयोग ठरवायचा, नाट्यगृहाचं भाडं भरायचं आणि देणगी प्रवेशिका मंडळाने विकायच्या. पुण्याच्या बालगंधर्वला किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनला असे किती प्रयोग संस्थांच्या मदतीसाठी झाले असतील याची गणती नाही. प्रयोग आणि भाडं मिळून लाखभर खर्च धरला आणि तीनशेच्या पाचशे प्रवेशिका गेल्या तर पन्नास हजार हातात राहतात. पण एक पथ्य आहे. तारीख घेण्याआधी किमान तीनशे प्रवेशिका कोण घेणार त्यांची नावं वहीत लिहिलेली हवीत. ‘लोक येतील’ या भरवशावर घेतलेल्या प्रयोगाला लोक येत नाहीत आणि निर्मात्याचे पैसे पदरचे भरावे लागतात. नाटक चालतं आहे ना, कलाकार तेच आहेत ना, हेही बघून घ्या. मध्यंतरात पाच मिनिटं मागून घ्या, दोन खेळाडूंना रंगमंचावर उभं करा आणि खर्चाचा कागद वाचून दाखवा. भाषण नको.

नाट्यगृह नसलेल्या गावात महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरोघरची रद्दी गोळा करणं हा मार्ग कमी दिमाखाचा पण पक्का. किलोला बारा रुपये धरले आणि पन्नास घरांतून सरासरी पाच किलो निघाली तर महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस. मुलांबरोबर एक मोठा माणूस हवाच. आणि मुलांच्या हातात डबा देऊन त्यांना चौकात उभं करणं टाळा. ते दिसायला वाईट आणि धोक्याचंही. स्मरणिकेबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. जाहिरात देणारा ती उघडत नाही, घेणारा वाचत नाही, आणि मलपृष्ठाचे पैसे दिवाळीनंतर मागत फिरावं लागतं.

लकी ड्रॉपासून मात्र चार हात लांब राहा. कुपनं विकून सोडतीत दुचाकी किंवा टीव्ही द्यायचा प्रकार सर्रास चालतो, म्हणून तो कायदेशीर आहे असं होत नाही. पैसे घेऊन सोडत काढली की ती लॉटरी ठरते आणि परवानगीशिवायची लॉटरी हा गुन्हा आहे. मुलांच्या नावावर उभ्या राहिलेल्या संस्थेने असली कुपनं छापू नयेत.

कागद नीट, तर दार उघडं

आता कंटाळवाणा पण सगळ्यात महत्त्वाचा भाग. मंडळ नोंदणीकृत नसेल तर ते आधी करा. महाराष्ट्रात संस्था नोंदणी कायदा १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० या दोन्हींखालची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर गणेश मंडळं घेतात तशी तात्पुरती परवानगी त्याच कार्यालयातून घ्यावी लागते.

नोंदणी असलेल्या कित्येक मंडळांचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत फेरफार अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, दाखल करायचा असतो. तो केलेला नसतो. मग परिशिष्ट एकचा उतारा काढला की त्यावर वीस वर्षांपूर्वीचे विश्वस्त निघतात, त्यातले दोघे हयात नसतात. बँक सही बदलून देत नाही, कंपनी फाइल परत पाठवते. वर्गणीला निघण्याआधी हा उतारा काढून बघा. नावं जुनी असतील तर त्या दुरुस्तीला वेळ लागतो, तो धरूनच वर्षाचं नियोजन करा.

खातं मंडळाच्या नावाचं, किमान दोन सह्यांचं, आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा. सचिवाच्या मोबाइलवर आलेले पैसे कितीही प्रामाणिकपणे खर्च झाले तरी त्यावर कुजबुज होणारच. पावतीवर नोंदणी क्रमांक, मंडळाचा पॅन आणि अनुक्रमांक छापलेला असावा. कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं याची वेगळी वही ठेवा आणि पुस्तक परत आलं की स्थळप्रती मोजून सही घ्या.

देणगीदाराला आयकरात सवलत मिळावी म्हणून आयकर खात्याची दुहेरी नोंदणी लागते. एक संस्थेच्या उत्पन्नाच्या करमाफीसाठी, दुसरी देणगीदाराच्या वजावटीसाठी. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण बोलताना सगळे अजून ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’च म्हणतात. दोन गोष्टी देणगीदाराला आधीच सांगा. दोन हजारांवरची रोख देणगी या सवलतीला पात्र नाही. आणि ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे त्याला ही वजावट मिळतच नाही. पगारदार जुना खेळाडू पुढे येऊन ‘मला सांगितलं नाहीत’ म्हणाला तर नातं बिघडतं. देणग्यांचं वार्षिक विवरणपत्र आणि देणगीदारांना प्रमाणपत्रं देणं हे संस्थेचं काम; त्यासाठी सीए लागतोच, त्याची फीही अंदाजपत्रकात घाला.

दुबईतला भाचा, न्यू जर्सीतली मावसबहीण हा आजकाल प्रत्येक गावाचा आधार आहे. इथे पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात. ते घ्यायला संस्थेकडे केंद्रीय गृहखात्याची एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं. छोट्या मंडळाने या भानगडीत न पडलेलंच बरं. अशा नातेवाइकाला प्रेमाने नाही म्हणा आणि गावी आल्यावर मुलांशी दोन तास बोलायला बोलवा.

कंपनी आणि सरकार

एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीचा सीएसआर निधी मिळू शकतो. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट नमूद आहे. आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. अट अशी की संस्थेच्या दोन्ही आयकर नोंदण्या हव्यात, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरलेला हवा आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. मॅरेथॉनसारख्या एक दिवसाच्या कार्यक्रमाचं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही, म्हणून ‘स्पर्धेला मदत द्या’ असा अर्ज घेऊन जाऊ नका. ‘चाळीस मुलांचं वर्षाचं प्रशिक्षण’ असा अर्ज न्या. तीन वर्षं पूर्ण नसतील तर लहान कारखान्याच्या मालकाकडे जा आणि पैशांऐवजी चाळीस जर्सी मागा. तो निर्णय समोरच बसून घेतो.

सरकारी बाजूला पहिला पत्ता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय. क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अनुदानाच्या योजना तिथून चालतात. जागेचे कागद नसतील तर तिकडे फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. खासदार निधी, वर्षाला पाच कोटींचा, टिकाऊ सार्वजनिक कामांसाठी असतो: कुंपण, शेड, स्वच्छतागृह. तो पैसा मंडळाच्या खात्यात येत नाही आणि त्यातून प्रशिक्षकाचं मानधन निघत नाही. म्हणून पुढाऱ्याकडे जायचंच असेल तर चषकासाठी दहा हजार मागू नका, मुलींसाठी कपडे बदलायची खोली मागा. मुली नववीत गेल्या की खेळ का सोडतात, याचं उत्तर अनेक मैदानांवर त्या नसलेल्या खोलीत असतं.

मिळालेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब दर तीन महिन्यांनी मैदानावरच्या फळ्यावर लावा: जमा, खर्च, शिल्लक, आणि कोणाकडे किती येणं. कोणी विचारलं नाही तरी लावा. वर्गणी दिलेल्यांना त्या फळ्याचा फोटो पाठवा. मुलांचे फोटो पाठवायचे असतील तर पालकांची परवानगी घ्या. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्याआधी सगळी पावतीपुस्तकं परत मागवा, आणि एक जरी पुस्तक सापडत नसेल तर ते सापडेपर्यंत नवं छापायला टाकू नका.